भिंतीवरची बाई आणि घरातली बाई



आपल्या घरातल्या कॅलेंडरवरची लक्ष्मी एकदा निरखून पाहा. गोरी कांती, नाजूक बोटं, भरजरी साडी, अंगभर दागिने. लक्ष्मी म्हटली की अशीच, असं आपण धरून चालतो. पण आपल्या देव्हाऱ्यातल्या कुळदेवीच्या टाकाला कुठं होता गोरा रंग? राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली रंगीत चित्रं गरिबाच्या घरातही पोचली. चांगलीच गोष्ट झाली. पण देवीबरोबर बाईच्या रूपाचा एक साचाही घरात आला, तो मात्र कुणाच्या ध्यानात आला नाही.

दुसरा साचा रंगभूमीनं दिला. बालगंधर्व म्हणजे नारायणराव राजहंस. त्यांचं साडी नेसणं, अंबाड्यावर गजरा माळणं, मान वेळावून बोलणं, हे सारं सुशिक्षित घरांतल्या बायका नाटकात पाहत आणि घरी येऊन तसंच करून बघत. गंमत पाहा, बाईनं कसं दिसावं हे एका पुरुषानं दाखवलं! आणि नुसतं दिसणंच नव्हे. १९१९ च्या ‘एकच प्याला’तली त्यांची सिंधू दारुड्या नवऱ्यापायी दळण दळते, हाल सोसते, पण शब्दानं उलटून बोलत नाही. नाटक दारूविरुद्ध होतं. पण बाईनं असंच सोसावं, हाही धडा कित्येकांनी त्यातून घेतला. देखणेपण आणि सोसणं यांची अशी गाठ पडली.

मग सिनेमा आला, जाहिरात आली. १९४१ साली लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. ही बाई पदवीधर होती, मुलांना वाढवण्यासाठी अभिनय करून कमावणारी होती. पण जाहिरातीत तिचं शिक्षण नाही, कष्ट नाहीत. उरली ती फक्त कांती. पुढं १९७५ साली गोरं करण्याचा वायदा करणारी ‘फेअर अँड लव्हली’ आली. २०२० साली त्या नावातला ‘फेअर’ गेला, ‘ग्लो’ आला. पाटी बदलली, पण मुलगी पाहायला आलेल्या मंडळींची नजर बदलली का?

सावळ्या विठ्ठलासाठी पंढरीची वाट तुडवणारे आपण. आणि सून मात्र गोरी हवी! भातलावणीला चिखलात दिवसभर वाकलेली बाई उन्हानं रापणारच. तिच्या हाताला घट्टे पडणारच. त्या घट्ट्यांवर घर चालतं. तरी कुरूप ठरते तीच.

आता माझीच एक चूक सांगतो. मी शाळामास्तर होतो तेव्हा स्नेहसंमेलनात नाटुकलं बसवलं. राणीचं सगळं भाषण एका सावळ्या मुलीला तोंडपाठ होतं, आवाजही खणखणीत. मी राणी केली दुसऱ्या, गोऱ्या मुलीला. आणि हिला दासी करून हातात तबक दिलं. ती काही बोलली नाही. तालमीत मात्र राणी अडखळली, की मागून हळूच शब्द पुरवायची. त्या वेळी मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आज ते आठवलं की मान खाली जाते.

तेव्हा गुरुजन हो, यंदाच्या संमेलनात राणी निवडताना चेहरा पाहू नका, पाठांतर ऐका. आणि आयाबायांनो, लेकीला उन्हात जाऊ नको म्हणाल, तर ऊन लागेल म्हणून म्हणा. काळी पडशील म्हणून म्हणू नका. भिंतीवरचं चित्र वर्ष सरलं की आपण उतरवून ठेवतो. मनातलं चित्र आपोआप उतरत नाही, ते हातानंच उतरवावं लागतं.