टाकीतले रात्रपाळीवाले

रात्री दिवे मालवून खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीवर लाल उजेडाची बॅटरी धरली, तर खडकाच्या फटीतून अर्धं अंग बाहेर काढून वाळू चाचपणारा, गोमेसारखा गुलाबी-करडा किडा दिसतो. दोन्ही अंगांना पांढऱ्या काट्यांचे झुबके. हा ब्रिसल वर्म, ‘जिवंत खडका’बरोबर, म्हणजे समुद्री जीव वसलेल्या खडकाबरोबर आलेला बिनबोलावलेला पाहुणा. बघणाऱ्याचा हात लगेच चिमट्याकडे जातो. माझ्या मते तो आवरावा. उरलेलं खाणं, विष्ठा, फटीत मरून पडलेली गोगलगाय हा किडा फस्त करतो. नाहीतर तेच कुजून पाण्यात अमोनिया सोडतं.

मेलेल्या माशाभोवती हे किडे जमलेले दिसतात, म्हणून मासा त्यांनीच मारला असं म्हणतात. पण मेलेल्या घुशीभोवती कावळे जमले, तर घूस कावळ्यांनी मारली असं आपण धरून चालत नाही. किडे फारच वाढले असतील, तर आधी खाण्याची चिमूट लहान करावी. अन्न तेवढंच राहिलं, तर काढलेल्यांची जागा नवे घेतात. काट्यांची तक्रार मात्र खरी. ते कातडीत मोडून आग होते, तेव्हा टाकीत हात घालताना हातमोजे हवेत. रुतलेले काटे चिकटपट्टीने उपटावेत. आणि हो, सगळेच किडे गरीब नसतात. कॅरिबियन समुद्रातला, काट्यांलगत लालसर कल्ले असलेला दाढीवाला फायरवर्म प्रवाळच कुरतडतो. असा दिसला, तर कोळंबीचा तुकडा घातलेला सापळा रात्री लावून त्याला बाहेर काढावा.