स्मोकरची आच आवरताना



मासळीला किंवा मांसाला धुरी देणारी विजेची पेटी, म्हणजे स्मोकर, ज्यांनी घेतली आहे किंवा एखाद्या फॅब्रिकेटरकडून बनवून घ्यायच्या विचारात जे आहेत, त्यांच्यासाठी आजचं बोलणं आहे. धुरी आपल्याला नवी नाही. गोव्यात चुलीवर टांगलेली चोरिसां धुरातच मुरायची. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर कुपा मासा शिजवून, धुरावर ठेवून आणि उन्हात वाळवून ‘मासमीन’ करतात. तिथे आच सांभाळायला माणूस बसलेला असतो. विजेच्या पेटीत त्या माणसाचं काम एका नॉबवर सोपवलेलं असतं, आणि बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात.

तक्रार साधारण अशी असते : नॉब ७० अंशांवर ठेवला होता, तरी खालच्या जाळीवरचे बांगडे करपले, वरच्या जाळीवरचे कच्चे राहिले आणि धूर तर मध्येच बंद पडला. मग दुकानदाराला फोन होतो, ‘थर्मोस्टॅट बदलून द्या.’ माझं म्हणणं उलट आहे. थर्मोस्टॅटकडे सगळ्यात शेवटी बघा. आधी डबा बघा, त्यातली हवा बघा आणि मालातली ओल बघा.

पण त्याच्याही आधी मोजायला शिका. नॉबवरचे आकडे हा नुसता अंदाज असतो. एक चांगला डिजिटल थर्मामीटर आणा आणि तो खरं बोलतो का ते तपासा. बर्फाचा चुरा भरलेल्या भांड्यात थोडं पाणी घालून त्याची टोकदार सळई बुडवा, शून्य दिसलं पाहिजे. मग उकळत्या पाण्यात धरा. मालवण-रत्नागिरीला १०० दिसेल, पुण्यात सुमारे ९८ आणि महाबळेश्वरला ९५-९६. थर्मामीटर बिघडलेला नाही. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. हे ध्यानात न ठेवता चांगले थर्मामीटर फेकून दिले जातात. तपासलेली सळई पेटीत मधल्या जाळीच्या उंचीवर टांगा. ती पत्र्याला टेकता कामा नये आणि हीटरच्या थेट वर येता कामा नये.

आता डबा. दरवाजाच्या फटीतून किती ऊब जाते हे डोळ्यांना दिसत नाही. पेटी गरम असताना पेटलेली उदबत्ती दाराच्या कडेकडेने हळूच फिरवा. जिथे तिचा धूर आत ओढला जातो किंवा एकदम बाहेर फेकला जातो, तिथे फट आहे. बहुधा खालच्या कोपऱ्यात आत जातो आणि वरच्या कोपऱ्यातून बाहेर पडतो. काचतंतूंच्या दोरीचं गॅस्केट लावून घ्या. भिंतीत रॉकवूल भरा, थर्मोकोल नको; तो १०० अंशांच्या आतच मऊ पडतो. आतला पत्रा स्टेनलेस स्टीलचाच घ्या. गॅल्व्हनाइज्ड पत्रा स्वस्त पडतो, पण खाण्याच्या पदार्थाजवळ, धुरातल्या आम्लांत आणि हीटरच्या आचेत जस्ताचा मुलामा नकोच.

फटी बुजवा म्हटलं की काही जण वरची झडपही बंद करून टाकतात. तसं करू नका. ती झडप थोडी उघडी राहिलीच पाहिजे. ती बंद केली की वाफ आत कोंडते, धूर शिळा होतो आणि मालावर काळपट, कडवट थर बसतो.

ओलीचा हिशोब कुणी सांगत नाही, म्हणून मी जरा सविस्तर सांगतो. एक लिटर पाणी वाफ होऊन उडून जायला साधारण ०.६५ युनिट वीज खर्ची पडते. तुमचा हीटर १००० वॉटचा असेल, तर एका लिटरसाठी त्याची चाळीस मिनिटं गेली. आता दहा किलो ओले मासे एकदम भरले आणि त्यातून दीड-दोन लिटर पाणी निघायचं असेल, तर पहिला तास-दीड तास काटा हलत नाही यात नवल काय? हीटर कमजोर नाही आणि थर्मोस्टॅटही बिघडलेला नाही. अशा वेळी घाईने नॉब वाढवला जातो. वरची ओल उडाल्यावर तापमान जे उसळतं, ते मग आवरत नाही. त्यावर उपाय म्हणजे माल कमी भरा, आणि भरण्याआधी पंख्याच्या वाऱ्यावर माशांची कातडी हाताला चिकटसर लागेपर्यंत सुकवा. पण बांगडा, कुपा, सुरमई यांच्या बाबतीत हे सुकवणं लांबवू नका. हे मासे कोमट हवेत राहिले की त्यांत हिस्टामीन तयार होतं, आणि ते नंतर शिजवून किंवा धुरी देऊन नाहीसं होत नाही. मासे मुरवायचं मीठपाणी बर्फाचं असू द्या, सुकवणं थोडक्यात आटपा आणि पेटी आधी तापवून ठेवा.

वरखाली होणारी आच आटोक्यात आणायला दोन साध्या गोष्टी पुष्कळ काम करतात. एक, पेटीच्या तळाशी चार-पाच विटा ठेवा. त्या ऊब धरून ठेवतात, दार उघडलं तरी पेटी लगेच गार पडत नाही. दुसरी, आतली हवा फिरवणारा, उष्णता सोसणारा छोटा पंखा. तो नसेल तर दर अर्ध्या तासाने वरची जाळी खाली आणि खालची वर, एवढं तरी करा.

आता मुख्य दुखणं. बाजारातल्या साध्या पेटीत एकच हीटर दोन कामं करतो : पेटी तापवतो आणि त्याच्यावरच्या तबकातल्या लाकडाच्या ढलप्या धुमसवतो. ही दोन कामं एकमेकांच्या विरोधात आहेत. पेटी हव्या त्या तापमानाला पोचली की थर्मोस्टॅट हीटर बंद करतो, तबक थंड होतं, धूर थांबतो. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उकाड्यात, भिंती चांगल्या असलेल्या पेटीत हीटर फार वेळ बंदच असतो. मग धुरासाठी नॉब वाढवायचा आणि मासे करपवायचे, हे चक्र. यावर थर्मोस्टॅट कितीही भारी बसवा, काही होणार नाही. धूर आणि उष्णता वेगवेगळी करा. पेटीच्या बाहेर एका झाकणाच्या डब्यात छोट्या हॉटप्लेटवर ढलप्या धुमसू द्या आणि पाइपाने धूर आत न्या. किंवा जाळीच्या नागमोडी तबकात कोरडा भुसा भरून एका टोकाला पेटवा; तो कित्येक तास सरकत धुमसतो. ढलप्या भिजवून घालायचा सल्ला सर्रास दिला जातो, मला तो पटत नाही. आधी ते पाणी उडावं लागतं, तोवर नुसती वाफ येते.

लाकूड आंब्याचं किंवा बाभळीचं चालेल, पण वाळलेलं हवं. प्लायवूड, रंग दिलेलं लाकूड, चिकाची लाकडं आणि काजूची टरफलं नकोत. टरफलांतल्या तेलाचा धूर डोळे-घसा जाळतो. ढलप्यांनी पेट घेता कामा नये, नुसतं धुमसलं पाहिजे. लाकूड फार तापलं की धुरात बेंझोपायरीनसारखी कर्करोगाला कारण होणारी द्रव्यं वाढतात. युरोपीय संघाने २०१४पासून धुरी दिलेल्या माशांत बेंझोपायरीनची मर्यादा किलोमागे २ मायक्रोग्रॅमवर आणली आहे. धूर पातळ, निळसर दिसला की समजा बरोबर चाललंय. दाट पांढरा धूर दिसायला जोरदार, पण मासा कडू करतो.

एवढं झाल्यावर थर्मोस्टॅट. साध्या थर्मोस्टॅटच्या नळीच्या टोकाला तेल भरलेली लांबट कुपी असते. तेल फुगलं की वीज तुटते, आकसलं की जोडली जाते. मध्ये काही अंशांचं अंतर असतंच. शिवाय वीज तुटल्यावरही तापलेली कॉइल ऊब सोडत राहते. त्यात त्या कुपीवर धुराची चिकट काजळी बसली, की तिला ऊब उशिरा कळते. दर घाण्यानंतर पेटी बंद आणि गार करून ती ओल्या फडक्याने पुसा. याला पैसे लागत नाहीत.

खर्च करायची तयारी असेल तर पीआयडी कंट्रोलर बसवून घ्या. बासुंदी आटवणारी बाई ऊतू जायची वाट बघत नाही, आधीच गॅस मंद करते. हा कंट्रोलर तेच करतो. तापमान जवळ येऊ लागलं की तो वीज थोडी थोडी कापत जातो. त्याचं ‘ऑटोट्यून’ रिकाम्या पेटीत करू नका, नेहमीएवढा माल भरून करा. सेन्सर थर्मोकपल आहे की पीटी-१००, ते कंट्रोलरमध्ये बरोबर निवडा. थर्मोकपलच्या दोन तारा उलट्या जोडल्या गेल्या, तर पेटी तापत जाते तसा आकडा खाली उतरतो, आणि बिचारा कंट्रोलर पूर्ण जोराने हीटर चालू ठेवतो. पहिल्या दिवशी हे नजरेने तपासा.

कंट्रोलरबरोबर येणारा सॉलिड स्टेट रिले हीट सिंकवर घट्ट बसवलेला हवा. तो खराब झाला तर बहुधा चालू अवस्थेतच अडकतो, म्हणजे हीटर बंद होतच नाही. म्हणून हीटरच्या ओळीत एक स्वतंत्र, हाताने रिसेट करायचा थर्मल कटआउट हवाच. पेटीला पक्कं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असू द्या. जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. व्होल्टेज २३०वरून १९०वर उतरलं तर हीटरची ताकद ६८ टक्क्यांवर येते, हे खरं. पण त्यासाठी मोठा स्टॅबिलायझर घेणं मला पैसे वाया घालवणं वाटतं; कंट्रोलर हीटर जास्त वेळ चालवून ती तूट भरून काढतो.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून स्मोकर येणार असेल तर मात्र सावध राहा. तो १२० व्होल्टचा असतो. तिथला ८०० वॉटचा हीटर आपल्या सॉकेटला लावला तर सुमारे २९०० वॉट ओढू पाहील आणि जळेल. पुरेशा क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेलच. आकडेही फॅरनहाइटमध्ये असतात. तिथले १४५ म्हणजे आपले ६३.

हा ६३चा आकडा लिहून ठेवा. गरम धुरीच्या माशाचा गाभा निदान ६३ अंशांवर अर्धा तास राहिला पाहिजे, पेटीतली हवा नव्हे. सळई सगळ्यात जाड माशाच्या मध्यात खुपसून बघा. थंड धुरी, म्हणजे तिसेक अंशांच्या आतली, आपल्या किनारपट्टीच्या हवेत घरच्या पेटीत करू नका. तिथे बाहेरची हवाच तेवढी गरम असते. आणि धुरी दिली म्हणजे मासा टिकाऊ झाला असंही समजू नका. तो ४ अंशांच्या आत फ्रीजमध्येच ठेवायचा आणि थोड्या दिवसांत संपवायचा.

शेवटी वीज जाण्याबद्दल. मासा आतून कोमट असताना तास-दीड तास वीज गेली, तर आल्यावर पेटी परत चालू करून तो माल पुरा करायचा मोह होतो. जिवाणू नंतरच्या आचेने मरतील, पण त्यांनी सोडलेली काही विषं उष्णतेने जात नाहीत. तो घाणा टाकून द्या, गिऱ्हाइकाला विकू नका आणि घरीही खाऊ नका.