पुण्यवर्षाचा हिशोब

वाशीम जिल्ह्यांतील कारंजा हें श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान म्हणून दत्तभक्तांस पूज्य आहे. पुढें त्यांनीं कृष्णातीरीं नृसिंहवाडीस बारा वर्षें वास्तव्य केलें, अशी परंपरा आहे. गुरु कन्याराशीस आला म्हणजे तेथें कन्यागताचा पर्वकाळ येतो. गुरूची प्रदक्षिणा सुमारें बारा वर्षांची. तितक्याच अंतरानें हें पर्व परततें.

कॅथॉलिक ख्रिस्ती लोकांच्या रोमयात्रेसही असें पुण्यवर्ष आहे; मात्र त्याचा हिशोब ग्रहानें नव्हे, माणसांनीं ठरविला. १३०० सालीं, शतकारंभीं विशेष पुण्य लाभतें या समजुतीनें लोक आपण होऊन सेंट पीटरच्या देवालयाकडे लोटले. पोप आठवे बोनिफेस यांनीं जुने लेख धुंडाळविले. आधार सांपडला नाहीं. तेव्हां १०७ वर्षांच्या एका वृद्धानें सांगितलें कीं, शंभर वर्षांपूर्वीं आपला बाप अशाच यात्रेस आला होता. पोपांनीं लोकश्रद्धा मान्य केली. रोमवासीयानें तीस दिवस व परक्यानें पंधरा दिवस पीटर व पॉल यांच्या देवालयांचें दर्शन घ्यावें, पश्चात्तापानें पापें कबूल करावींत, म्हणजे पापदंडाची पूर्ण माफी.

परंतु शंभर वर्षें वाट पाहणार कोण? मनुष्याचें आयुष्य अल्प, हें जाणून सहावे क्लेमेंट यांनीं १३४३ सालीं हें अंतर पन्नास वर्षांवर आणलें. १४७० सालीं दुसरे पॉल यांनीं पंचवीस वर्षांवर. त्याप्रमाणें पहिलें पुण्यवर्ष १४७५ सालीं झालें.

कारंज्याहून बापाचें बोट धरून वाडीस गेलेला मुलगा पुढें स्वतःच्या मुलाचें बोट धरून त्याच पर्वास जाऊं शकतो. रोमच्या यात्रेकरूस पंचवीस वर्षांच्या नियमाचें पुण्यवर्ष लाभण्यास पावणेदोनशें वर्षें लागलीं.