हे रीडिंग कोणी घेतलं?



जीवशास्त्र शिक्षकांच्या या अधिवेशनाचं अध्यक्षपद मला दिलंत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. साताऱ्याच्या मंडळींनी ऐन पावसात चोख व्यवस्था ठेवली, त्यांचेही आभार.

अध्यक्षाने शास्त्राचा आणि अभ्यासक्रमाचा आढावा घ्यावा, अशी आपली रीत आहे. सुरुवात तिथूनच करतो. 2022 साली एनसीईआरटीने अभ्यासक्रमाला कात्री लावली तेव्हा अकरावीच्या जीवशास्त्रातून वनस्पतींमधील वहन, खनिज पोषण आणि मानवी पचन हे तिन्ही पाठ गेले. 2024 मध्ये ते ‘नीट’मधूनही गेले. आपल्या राज्याच्या पुस्तकांत हा भाग आहे, पण ‘नीटला नाही’ म्हटलं की मुलं त्याचं पान उघडत नाहीत. झाडात पाणी वर कसं चढतं आणि खाल्लेल्या भाकरीचं पोटात काय होतं, हे न शिकता मूल डॉक्टर होऊ शकतं. याबद्दल निवेदन द्यायलाच हवं.

पण निवेदन देण्याआधी मला या सभागृहाला एक प्रश्न विचारायचा आहे. गेली कित्येक वर्षं तो माझ्या मनात आहे. पुस्तकात जे पाठ उरले, ते तरी आपण शिकवतो का? शरीरक्रिया म्हणजे जिवंत शरीरात चाललेलं काम. ते काम चालू असताना मुलांना दाखवलं नाही, तर आपण नेमकं काय शिकवलं?

एक्स्टर्नल परीक्षक म्हणून एका कॉलेजात गेलो होतो. टेबलावर जर्नलांची चळत होती, सगळ्यांना खाकी कव्हरं, सगळ्यांवर सह्या. बाष्पोच्छ्वासाचा प्रयोग उघडला. पोटोमीटरमधला बुडबुडा उन्हात इतका सरकला, सावलीत इतका, पंख्याखाली इतका. दुसरं जर्नल उघडलं, तेच आकडे. तिसऱ्यातही तेच, आणि सरासरी काढतानाची बेरजेची चूकसुद्धा तीच. समोरच्या मुलीला विचारलं, “बाळ, हा बुडबुडा नळीत आत कसा घेतलास?” ती गप्प. पोटोमीटर कपाटात होता आणि कपाटाला कुलूप होतं.

मी तिला रागावलो नाही. बाहेरच्या कुंडीतलं ऱ्हिओचं पान आणायला सांगितलं. खालची जांभळी साल तिने सोलली, काचपट्टीवर ठेवली, मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. पेशीतला जांभळा रंग भिंतीपासून सुटून आत आक्रसत गेला. मग साधं पाणी सोडलं, तसा तो पुन्हा पसरला. ती खुर्चीवरून उठली आणि परीक्षा चालू आहे हे विसरून मैत्रिणीला हाक मारून म्हणाली, “अगं, हे खरंच होतं!” त्या मुलीला ऑस्मॉसिसची व्याख्या तोंडपाठ होती. ते ‘खरंच होतं’ हे मात्र बारावीच्या शेवटच्या प्रॅक्टिकलला कळलं. हा दोष तिचा नाही.

बारावीला प्रॅक्टिकलचे गुण 30. ‘नीट’ 720 गुणांची, त्यात जीवशास्त्र 360, प्रॅक्टिकल शून्य. हे गणित पालकांना कळलं, क्लासवाल्यांना कळलं आणि आपण त्यांच्यापुढे मान तुकवली. नाव कॉलेजात, मूल दोन वर्षं क्लासात, आणि फेब्रुवारीत जर्नल पूर्ण करायला चार दिवस हजेरी. त्या जर्नलला आपण अठ्ठावीस गुण देतो.

सकाळच्या सत्रात काही तरुण मित्रांनी आभासी प्रयोगशाळेची बाजू मांडली. सोय आहे, खर्च नाही, प्रयोग कधी फसत नाही. मित्रांनो, माझं भांडण त्या शेवटच्या वाक्याशीच आहे. आमच्या लॅबमध्ये एका जुलैत हायड्रिलाचा प्रयोग लावला होता. बाहेर अंधारून आलेलं. चंचुपात्रातल्या नरसाळ्याखाली एकही बुडबुडा येईना. मुलांनी दिवा जवळ आणला. थोडे बुडबुडे आले, मग तेही मंदावले. एकजण म्हणाला, “सर, उजेड आहे, पण पाण्यातला कार्बन डायऑक्साइड संपला असेल.” चिमूटभर खायचा सोडा टाकला आणि बुडबुड्यांची माळ सुरू झाली. प्रकाशसंश्लेषणाला एका वेळी कोणती गोष्ट कमी पडते, हा नियम त्या पोराने स्वतः शोधला. पडद्यावरचा हायड्रिला कधी अडत नाही, म्हणून तो काही विचारायलाही लावत नाही.

लाळेच्या प्रयोगाचंही तेच. पिष्टाच्या द्रावणात लाळ घालायची, दर मिनिटाला थेंब काढून आयोडीनवर टाकायचा आणि निळा रंग कधी यायचा थांबतो ते पाहायचं. कोणाचा चार मिनिटांत थांबतो, कोणाचा दहा मिनिटांनीही थांबत नाही. मुलं घाबरतात, ‘बरोबर’ उत्तर विचारतात. तिथेच सांगायचं असतं की माणसामाणसाच्या लाळेत अमायलेज कमी-जास्त असतं, आणि तुझं रीडिंग हेच तुझं उत्तर.

साहित्य नाही, ही सबब मला मान्य नाही. विल्यम हार्वेने 1628 च्या ग्रंथात शिरांमधल्या झडपांचा पुरावा दिला तो दंडाला पट्टी बांधून. फुगलेली शीर बोटाने दाबायची, दुसऱ्या बोटाने रक्त वर सारायचं. ते झडपेपलीकडे जातं, परत येत नाही. याला रुमाल पुरतो. दुसरी सबब विषयांच्या वाटणीची. वनस्पती कोणी शिकवायच्या आणि मानवी शरीर कोणी, यावर आपल्याकडे विभागाविभागांत वाद होतात. स्टीफन हेल्स या इंग्लंडमधल्या धर्मोपदेशकाने कुंडीतलं सूर्यफूल रोज तोलून बाष्पोच्छ्वास मोजला, ते 1727 साली छापलं. त्यानेच घोडीच्या धमनीला काचेची नळी जोडून रक्त आठ फुटांवर चढतं हे 1733 मध्ये सांगितलं. मोजणाऱ्याला दोन्ही विषय एकच होते. आणि साहित्याचंच म्हणाल, तर आत्ता बाहेर बांधावर तेरडा फुललाय. त्याची फांदी पाण्याखाली कापून लाल शाईच्या पाण्यात ठेवा. पातळ, पाणीदार खोडातून लाल रेघा वर चढताना तासाभरात दिसतात. याला कुठलं अनुदान लागतं?

आपल्या परिषदेने काही कामं हाती घ्यावीत. कमी खर्चाच्या प्रयोगांची एक पुस्तिका निघावी, जिल्हावार कार्यशाळा व्हाव्यात, तोंडी परीक्षेचं स्वरूप बदलण्यासाठी मंडळाशी बोलावं. तपशील कार्यकारिणी ठरवील. मी हवा तेव्हा हजर आहे.

पण एक काम कार्यकारिणीवर सोपवता येणार नाही. जर्नलच्या पहिल्या पानावर ‘या विद्यार्थ्याने हे प्रयोग केले’ असं प्रमाणपत्र असतं आणि त्याखाली आपण सही करतो. शासन, क्लास, पालक यांपैकी कोणी आपला हात धरून ती करून घेत नाही. यंदापासून प्रत्येक मुलाला विचारा, हे रीडिंग कोणी घेतलं? त्याने घेतलं असेल तर सही करा. नसेल तर त्याला लॅबमध्ये न्या, प्रयोग करून घ्या आणि मगच पेन उघडा. एवढं आपण केलं, तर निवेदन देताना आपल्या शब्दाला वजन राहील.