ब्रुग्मान्सियाची लागवड आणि छाट कलमे

वांगी-बटाट्याच्या, म्हणजेच सोलॅनेसी कुळातील ब्रुग्मान्सिया हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील झुडूप धोत्र्याचे जवळचे नातलग असले, तरी धोत्र्याची फुले वर तोंड करून उमलतात, तर याची कर्ण्यासारखी फुले खाली लोंबतात आणि फळावर काटे नसतात. त्याच्या सातही जाती निसर्गातून नामशेष झाल्याची नोंद असल्यामुळे त्यांचे अस्तित्व आता मानवी लागवडीवरच अवलंबून आहे.

संकरित वाणांचे गुण बियांतून जसेच्या तसे उतरत नाहीत, म्हणून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, 15 ते 20 सेंटिमीटर लांबीच्या आणि दोन-तीन डोळे असलेल्या फांदीचे छाट कलम, म्हणजे तोडलेला तुकडा मुळे फुटण्यासाठी ओलसर वाळूत वा कोकोपीटमध्ये रोवणे, हीच पद्धत श्रेयस्कर ठरते. मात्र फांदी कोठून घेतली, यालाच खरे महत्त्व आहे. सरळ वाढणारे खोड प्रथम जेथे दुभागते, त्या बेचक्याच्या वरच फुले येत असल्याने वरच्या भागाचे कलम लवकर व कमी उंचीवर फुलते, तर खालच्या भागाचे आधी उंच वाढते.

झाडाला पाणी व खत भरपूर लागते, कडक ऊन सोसत नाही, आणि उष्ण प्रदेशात दुपारची सावली द्यावी लागते. कोरड्या हवेत पानांमागे लाल कोळी ही कीड पडते. सर्व भागांत स्कोपोलामाइनसारखी विषारी अल्कलॉइडे असल्याने छाटणी हातमोजे घालूनच करावी, कारण रस डोळ्यांत गेल्यास बाहुली विस्फारते.