व्ह्यूज जगभर, गिऱ्हाईक गल्लीतलं

कानात इअरफोन घालून लोकलमध्ये उभे असाल, जिममध्ये असाल किंवा घरी भांडी घासत असाल, सगळ्यांचं स्वागत. आजचा विषय त्यांच्यासाठी आहे, ज्यांच्या घरी एखादं छोटं दुकान आहे, आई डबे देते, काका सायकली दुरुस्त करतात, ताई ब्लाऊज शिवते. आणि घरात सगळ्यात जास्त वेळ मोबाईलवर कोण असतं? तुम्ही! त्यामुळे 'जरा आपलंही इंस्टावर टाक की' हे वाक्य तुम्ही ऐकलेलंच असणार.

तर टाकायचं काय, कुठे आणि किती, याबद्दल आज बोलू.

उदाहरण घरचंच घेते. माझी मावशी डोंबिवलीत उकडीचे मोदक आणि फराळ करून देते. तिच्या मुलानं मोदकाला कळ्या पाडतानाची एक रील टाकली. चाळीस हजार व्ह्यूज! घरात आनंदीआनंद. मग फोन सुरू झाले. नागपूरहून, बेळगावहून, एक तर थेट दुबईहून. आता उकडीचा मोदक गरम गरम खायचा पदार्थ, तो कुरियरनं कुठे जाणार? दोन दिवस मावशी फक्त 'नाही हो, तिकडे पाठवत नाही' एवढंच सांगत होती. शेवटी मला म्हणाली, "अगं, फोन घेऊ की उकड काढू?"

मित्रांनो, हा प्रश्न लिहून ठेवा. छोट्या धंद्याचं सगळं मार्केटिंग त्यात आलं. मावशी आणि तिच्या मदतनीस ताई मिळून दिवसाला दोनशे मोदक करतात. हात चारच आहेत. तिला चाळीस हजार लोक नकोत. तिला तीन-चार किलोमीटरच्या आतली दीडशे घरं हवीत, जी दर संकष्टीला आठवणीनं ऑर्डर देतील. म्हणून कुठलीही पोस्ट टाकण्याआधी दोन आकडे काढा. आपण दिवसाला किती माल देऊ शकतो? आणि किती लांब देऊ शकतो?

आता कामाला लागू. पहिली पायरी गूगल. हो, इंस्टाग्रामच्या आधी गूगल! कारण रील बघणारा माणूस टाइमपास करत असतो. 'जवळचं सायकल दुरुस्ती' असं शोधणाऱ्याची सायकल मात्र खरंच पंक्चर झालेली असते. गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. तुमचं नाव वर दाखवायचं की नाही, हे गूगल मुख्यतः तीन गोष्टींवरून ठरवतं. शोधणाऱ्याला हवं ते तुमच्याकडे आहे का, तुम्ही किती जवळ आहात आणि लोकांना तुम्ही किती माहीत आहात. अंतर आपल्या हातात नाही, बाकीचं आहे. धंद्याचा प्रकार बरोबर निवडा, वेळा नीट भरा, सुट्टीचे दिवस टाका, दुकानाच्या पाटीचा स्वच्छ फोटो लावा. तुम्ही घरून काम करून माल पोचवत असाल, तर पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात सेवा देता तेवढंच दाखवता येतं. बायकांनी चालवलेल्या घरगुती धंद्यांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. अनोळखी माणसं थेट दारात नकोत.

रिव्ह्यू मागायला लाजू नका. गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देतंय, त्याच मिनिटाला लिंक पाठवा. पण 'पाच स्टार द्या, दहा टक्के सूट घ्या' हे नको, गूगलच्या नियमात ते बसत नाही. आणि मित्रमंडळींकडून खोटे रिव्ह्यू तर नकोच नको. गल्लीत सगळे सगळ्यांना ओळखतात हो!

दुसरी पायरी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. हे वेगळं अ‍ॅप २०१८ मध्ये आलं, तेही फुकट. त्यात कॅटलॉग असतो, म्हणजे 'रेट काय?' असं दिवसात तीस वेळा टाइप करावं लागत नाही. लेबलं असतात. 'नवीन ऑर्डर', 'पैसे बाकी', 'माल पोचला'. मावशीची वही आणि ही लेबलं, काम एकच.

आता ब्रॉडकास्टची गंमत बघा. एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो. म्हणून डब्यावर चिठ्ठी चिकटवा: 'पुढच्या वेळेसाठी आमचा नंबर सेव्ह करा'. ही एक ओळ शंभर हॅशटॅगना भारी आहे.

आणि रोज 'शुभ सकाळ' पाठवू नका! लोक म्यूट करतात. मग कधी पाठवायचं? तुमचं कंटेंट कॅलेंडर आधीच भिंतीवर टांगलेलं आहे. संकष्टीच्या दोन दिवस आधी मोदक. संक्रांतीच्या आठवडाभर आधी गुळपोळी. होळीच्या आधी पुरणपोळी. शाळा उघडायच्या आधी दप्तर दुरुस्ती आणि गणवेश. पावसाच्या तोंडावर छत्री. लोकांच्या मनात गरज उगवत असते, तेव्हाच आपला मेसेज पोचला पाहिजे.

तिसरी पायरी इंस्टाग्राम. नावाच्या जागी नुसतं 'अन्नपूर्णा' नको, 'उकडीचे मोदक डोंबिवली' असं लिहा, कारण शोधताना ते नाव उपयोगी पडतं. प्रत्येक पोस्टला जागेचा टॅग द्या. रीलच्या पहिल्या काही सेकंदांतच 'फक्त डोंबिवली परिसरात' असं लिहा, म्हणजे दुबईचे फोन वाचतील! आणि हो, बिझनेस अकाउंटवर सगळी सिनेमातली गाणी वापरता येत नाहीत. घाबरू नका. तव्यावर पोळी फुगतानाचा आवाज, शिलाई मशीनची टकटक, हे गाण्यापेक्षा छान लागतं.

आता पैशाचं बोलू. 'बूस्ट पोस्ट' हे बटण दिसलं की हात शिवशिवतात. आधी हिशोब करा. समजा एकवीस मोदकांची ऑर्डर आहे, तीस रुपयांना एक, म्हणजे ६३० रुपये. पिठी, नारळ, गूळ, तूप, गॅस, मजुरी, डबा मिळून ४५० गेले. हातात राहिले १८०. जाहिरातीवर ५०० खर्च केले आणि तीन ऑर्डर आल्या, तर ५४० मिळाले. म्हणजे चाळीस रुपयांसाठी सगळी धावपळ. दोनच आल्या तर १४० रुपये खिशातून गेले. मग जाहिरात करायचीच नाही का? करा, पण त्या तीन घरांनी पुढच्या संकष्टीला पुन्हा ऑर्डर दिली तरच ती परवडते. कारण दुसऱ्या वेळी जाहिरातीचा खर्च शून्य. नंबर सेव्ह झाला नसेल, तर ते पाचशे पाण्यात. आणि जाहिरात करताना परिसर निवडा, अख्खा महाराष्ट्र नको.

शेवटचा मुद्दा, आणि हा मी जरा गंभीरपणे सांगते. २९ जून २०२० ला टिकटॉकसह ५९ अ‍ॅप्सवर आपल्याकडे बंदी आली. गावोगावच्या कितीतरी पोरांचे फॉलोअर्स एका रात्रीत गेले. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इंस्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही सहा तासांच्या आसपास बंद होते. घर दुसऱ्याचं आहे मित्रांनो, आपण भाडेकरू. म्हणून गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर एका साध्या वहीत लिहून ठेवा. आणि ती वही जपा, लोकांनी विश्वासानं दिलेले नंबर आहेत ते.

सोबत एवढं आजच करा. आईच्या व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा. सहा आकडी कोड कुणालाही सांगायचा नाही, हे तिला समजावून सांगा. 'मोठी ऑर्डर आहे, पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा' असा फोन आला, तर सरळ ठेवून द्यायचा. यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. धंदा ऑनलाइन नेला की गिऱ्हाईक येतं तसे चोरही येतात. ते ओळखायला शिकवणं हे आपलं काम, कारण फोन आपणच त्यांच्या हातात दिलाय.

तर या आठवड्याचा गृहपाठ एकच. घरातल्या किंवा शेजारच्या एका धंद्याचं गूगल प्रोफाइल भरून द्या. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि एक रील कमी बघितली तर काही बिघडत नाही! काय अडलं ते व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात त्यावरच बोलू. तोवर धंदा सांभाळा, डेटा सांभाळा. भेटू लवकरच!