कागद, काच, पत्रा आणि हवामान



हवामानबदलावर बोलायला चालकांनी कामगार संघटनेतला माणूस का बोलावला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. आम्हालाही पडला होता. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि गेटसभेत जास्त झाले. वायूंचे गणित आम्ही सार्वजनिक वाचनालयात बसून शिकलो, त्यात आमचा अधिकार नाही. परंतु माणसे एकत्र कशी येतात, वर्गणी कशी गोळा होते आणि एकत्र आलेली माणसे कशाने फुटतात, हे मात्र आयुष्यभर पाहिले आहे. विषयाच्या त्याच बाजूने आज बोलणार आहोत.

उदाहरण पुण्याचे घेतो. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून कित्येक कुटुंबे पुण्यात आली. त्यांतली पुष्कळशी दलित समाजातली होती. शेतमजुरी गेलेली, हाताला दुसरे कसब नाही. बायकांनी खांद्याला पोते लावले आणि कचराकुंडीतून कागद, काच, पत्रा वेचून भंगारवाल्याला घालू लागल्या. पाऊस न पडल्यामुळे उठलेली ही माणसे. हवामान बिघडले की आधी कोण उठते, हे त्यांना कोणी व्याख्यान देऊन सांगायला नको.

१९९० च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून लक्ष्मी नारायण आणि पूर्णिमा चिकरमाने यांची या बायकांशी गाठ पडली. अक्षरओळखीवरून निघालेले बोलणे लवकरच मालावर आले. कुंडीत बरबटलेला कागद काढण्यापेक्षा घरातूनच तो कोरडा, वेगळा मिळाला तर काम सुसह्य होईल आणि भावही बरा मिळेल, हा साधा हिशेब होता. मे १९९३ मध्ये बाबा आढावांच्या पुढाकाराने मेळावा भरला आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. आढावांची हमाल पंचायत त्याआधीच मुरलेली होती. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाच्या श्रमाला कायद्याच्या चौकटीत जागा मिळाली, आणि १९७४ साली हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ सुरू करून कष्टकऱ्याला स्वस्तात पोटभर जेवण मिळेल अशी सोय केली. तेव्हा कचरावेचकांच्या पंचायतीने घडा कुठून गिरवला, हे वेगळे सांगायला नको.

आता या सगळ्याचा हवामानाशी संबंध काय? उष्टे-खरकटे, भाजीची देठे डेपोवर ढिगाखाली दाबली गेली की हवेविना कुजतात आणि त्यातून मिथेन निघतो. वीस वर्षांच्या हिशेबात हा वायू वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट उष्णता धरून ठेवतो. तेच देठ सोसायटीच्या आवारात हवा खेळती ठेवून जिरवले तर खत होते. तसेच ॲल्युमिनियमचे. खनिजापासून नवा धातू काढण्यापेक्षा जुना डबा वितळवला तर पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास ऊर्जा वाचते. म्हणजे पोते घेऊन निघालेली बाई पोटासाठी जे करीत होती, तेच काम जग आज हवामानाच्या नावाने मागते आहे. फरक एवढाच की तिच्या कामाची नोंद कोणत्याही वहीत नव्हती.

नोंद झाली ती संघटनेमुळे. नव्वदीच्या दशकातच पुणे महानगरपालिकेने पंचायतीच्या ओळखपत्राला मान्यता दिली. गळ्यात कार्ड असले की चोरीचा आळ घेणारा दोनदा विचार करतो, हे शिकलेल्या माणसाला क्षुल्लक वाटेल. आमच्यासारख्याला वाटत नाही. पुढे पालिकेने आरोग्यविम्याचा भार उचलला. २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था पालिकेशी पाच वर्षांचा करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. घरवाल्याने महिन्याची ठरलेली रक्कम द्यायची आणि भंगार विकून येणारे पैसेही वेचकाचेच.

पण आम्हाला यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती वर्गणी. पंचायतीची सभासद बाई दरवर्षी वर्गणी भरते. विम्यासाठी तिने पैसे घातलेले असतात. पतसंस्थेत तिची बचत असते आणि तिथूनच कर्ज मिळते, सावकाराच्या दारी जावे लागत नाही. याला परस्परसाहाय्य म्हणतात. पूर आला की कपडे वाटणे हे दान झाले. चांगले आहे, जरूर करावे. मात्र दान घेणारा पुढच्या वेळी पुन्हा हात पुढे करतो, वर्गणी भरणारा हिशेब मागतो. दरवर्षी पाच जूनला रोप लावून छायाचित्र काढणारी मंडळे आपल्या गावात आहेत. ऑगस्टमध्ये त्या रोपाला पाणी कोणी घातले, ते त्यांना विचारून पाहा. (हशा होणार हे ठाऊक होते, पण आम्ही गमतीने म्हणत नाही.) ज्याची भाकरी त्या रोपावर अवलंबून नाही, तो केव्हातरी कंटाळतोच. त्यात त्याचा मोठा दोष आहे असेही नाही.

आता खरी ओढाताण कुठे आहे ते सांगतो. ठेकेदाराला पैसे टनावर मिळत असतील तर गाडी जितकी जड तितके बिल मोठे. ओले-कोरडे एकत्र दाबून भरणे त्याच्या फायद्याचे आणि तुमच्या सोसायटीने खत केले तर त्याचे नुकसान. वेचकाचे उलट आहे. तिने जेवढे वेगळे काढले तेवढे तिच्या पदरात पडते, आणि डेपोवर तेवढे कमी जाते. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे सोसला, कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. त्यांचे हितही टनवाल्या ठेक्यात नाही. तरीसुद्धा करार संपायची वेळ आली की ‘आधुनिक’ यंत्रणेची भाषा सुरू होते आणि हजारो बायकांच्या पोटात गोळा येतो. यंत्राला आमचा विरोध नाही. हातगाडी ओढणारीला मोटार मिळाली तर आनंदच आहे. ती मोटार तिच्या संस्थेची असावी, एवढेच म्हणणे.

या ओढाताणीत तुम्ही कुठे बसता? महिन्याची ती रक्कम वेळेवर देता का? काही इमारतींत तिला लिफ्ट वापरू देत नाहीत, मे महिन्यात प्यायला पाणी विचारत नाहीत. आणि त्याच इमारतीच्या गच्चीवर सौरपट्ट्या चकाकत असतात. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला ते हाताने उघडून पाहावे लागणार नाही, अशी मागणी या बायकांनी केली. एक ठिपका! पेनाला किती शाई लागते? पॅड बनवणाऱ्या कंपन्यांना वापरलेला माल पोत्यात भरून परत पाठवण्याचीही मोहीम त्यांनी २०१३ मध्ये केली, कारण विल्हेवाटीची जबाबदारी विकणाऱ्याचीही आहे.

आमचा वेळ संपल्याची चिठ्ठी अध्यक्षांनी पुढे सरकवली आहे. वर्गणी कशी बसवायची, पतसंस्थेची वही कोणी ठेवायची, भंगाराचे दर कोसळतात तेव्हा सभासद कसे टिकवायचे, यांविषयी ज्यांना विचारायचे असेल त्यांनी चिठ्ठ्या द्याव्यात. जमेल तेवढी उत्तरे आम्ही आत्ताच देतो.